कोरड्या केसांसाठी कात्री घेताना: नव्या कारागिरांना सांगायच्या गोष्टी

माझ्या पहिल्या चांगल्या कात्रीचं टोक निळं पडलं, तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागच्या माझ्या पार्लरमध्ये एकटी होते. धार लावून आलेली कात्री कागदातून सोडली, दारातल्या उजेडात धरली, तर पात्याच्या शेवटच्या पेराएवढ्या भागात मोरपिसाच्या काठासारखी निळी-जांभळी झाक. दिसायला सुंदर होती. दुपारी एका मुलीचे कुरळे केस त्याच कात्रीनं कापायला घेतले आणि ती झाक म्हणजे काय ते कळलं. पात्याच्या बुडाशी केस नीट कापले जात होते, पण टोकाकडे गेलं की दोन पात्यांच्या मधे दुमडून अडकत होते. ती मुलगी दोनदा ‘आई गं’ म्हणाली. दगडाच्या फिरत्या चाकावर पातं इतकं तापलं होतं, की पोलादाचं पाणीच उतरलं होतं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला होता. साडेसहा हजारांची कात्री, तीही बचतगटातून पैसे उचलून घेतलेली.

त्यानंतर मिरजेतल्या एका जुन्या सलूनवाल्या काकांकडे मी सहा महिने दुपारची जात होते. कात्री कशी ओळखायची ते त्यांनी शिकवलं. पुढे स्वतःच्या पैशानं तीन कात्र्या घेतल्या, त्यातली एक चुकीची निघाली. सांगली, मिरज, तासगाव, विट्याकडून नवीन पार्लर काढणाऱ्या मुली हल्ली मला पहिला प्रश्न हाच विचारतात: ‘ताई, कोरडं कापायला कुठली कात्री घेऊ?’ त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कोरड्या केसांना वेगळी कात्री का लागते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ओला केस पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि ताणला तर ३० टक्क्यांपर्यंत लांबतो. ओले केस एकमेकांना चिकटून एका पट्टीत बसतात, त्यामुळे बेताची कात्रीसुद्धा त्यांच्यावर चालून जाते. कोरडे केस सुटे आणि ताठ असतात. धार जरा कमी पडली, तर केस कापला जाण्याऐवजी पात्यावरून पुढे सरकतो नाहीतर मधे दुमडतो. सरकला तर रेघ वाकडी होते, दुमडला तर गिऱ्हाइकाला ओढ बसते आणि टोक चिरडून तिथून केस फाटतो. शिवाय कोरड्या केसांवर धार लवकर जाते. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाढीचं पातं सूक्ष्मदर्शकाखाली धरून केस कापून पाहिले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरीही तिरका आलेला केस धारेच्या काठाचे बारीक टवके उडवतो, असं त्यांना दिसलं. दाढीच्या पात्याचं हे झालं, मग दिवसभर कोरडे केस कापणाऱ्या कात्रीचं काय होत असेल याचा अंदाज करा.

१. कोरडं काम नेमकं कोणतं करणार, ते लिहून काढा

‘कोरडं कापणं’ या दोन शब्दांत तीन वेगळी कामं बसतात आणि तिघांची कात्री एक नसते.

पहिलं काम कुरळ्या केसांचं. कुरळा केस वाळला की आखडतो, म्हणून ओला कापला तर किती वर जाईल याचा भरवसा नसतो. तो वाळवून, बट जशी पडते तशीच ठेवून एकेक बट कापावी लागते. इथं टोकापर्यंत धारदार आणि हलकी कात्री हवी. दुसरं काम, ओलं कापून वाळवल्यावर टोकं मोकळी करणं, केसांवरून कात्री घसरवत भार कमी करणं. याला गुळगुळीत धारेशिवाय गत नाही. तिसरं, फणीवर कात्री चालवून मागची बाजू उतरवणं. जेन्ट्स सलूनमध्ये हे जास्त असतं आणि त्याला लांब, थोडी वजनदार कात्री लागते.

तुमच्या आठवड्याभराच्या गिऱ्हाइकांत कोणतं काम जास्त आहे ते वहीत मांडा. कोरडं काम दिवसाला एखादंच असेल, तर महागड्या कात्रीची घाई करू नका. ते पैसे आधी चांगल्या ड्रायरवर घाला.

२. कात्रीच्या आधी धार लावणारा शोधा

बहुतेक जण हे शेवटी करतात, मीही तसंच केलं होतं. पण कात्री आज घेतली तरी सहा-आठ महिन्यांत तिला धार लागणारच. ती कोण लावणार हे ठरलं नसेल, तर दहा हजारांची कात्री एका सकाळीत दोनशेची होते.

आपल्याकडे सायकलवर चाक घेऊन फिरणारे धारवाले आहेत, बाजारात शिकलगार आहेत. विळी, सुरी, शिंप्याची कात्री त्यांच्याकडेच न्यावी, त्यात त्यांचा हात बसलेला असतो. केसांच्या चांगल्या कात्रीचं गणित मात्र वेगळं. तिची बाहेरची बाजू गोलाईची आणि आतली बाजू किंचित खोलगट असते, हिलाच कॉन्व्हेक्स धार म्हणतात. कडक दगडाच्या चाकावर धरली की गोलाई सपाट होते, आतला खोलगटपणा जातो, आणि वर पातं तापतं.

फोन करून किंवा समोर जाऊन एवढे प्रश्न विचारा:

- कॉन्व्हेक्स धारेच्या कात्र्या करता का, आणि कशावर? (सपाट फिरती तबकडी आणि पाणी असं उत्तर आलं तर पुढे बोला.)
- आतली बाजू कशी घासता? (ती हातानं, पाण्याच्या दगडावर, अगदी थोडी घासायची असते.)
- पाती सोडवून करता की जोडलेलीच?
- धार लावल्यावर केसांवर चालवून दाखवता का?

पहिल्यांदा चांगली कात्री देऊ नका. जुनी, पडून असलेली द्या आणि परत आली की कोरड्या बटेवर चालवून बघा. मी माझ्या कात्र्या कुरिअरनं पुण्याला पाठवते. आठ-दहा दिवस जातात, म्हणून जवळ दुसरी कात्री लागतेच. यावरून बजेटचा हिशोबही ठरतो. हातातले सगळे पैसे एका कात्रीवर लावायचे नाहीत, एक मुख्य आणि एक मदतीची अशा दोन धरून चालायचं.

३. धार ओळखायला शिका

नाव, चमक, डबी हे सगळं बाजूला ठेवा. कोरड्या केसांच्या कात्रीत निर्णय धारेवर होतो. बाजारात तीन प्रकार भेटतील.

बेव्हल धार म्हणजे पात्याच्या काठाला सरळ उतार दिलेला असतो. ती टिकाऊ आणि स्वस्त, ओल्या केसांना आणि फणीवरच्या कामाला चांगली. केसांवरून घसरवायची म्हटलं की अडते.

दात्यांची धार म्हणजे एका पात्यावर डोळ्याला जेमतेम दिसतील असे बारीक दाते. ते केस धरून ठेवतात, त्यामुळे शिकाऊ हाताला रेघ सरळ मारता येते. म्हणूनच कोर्सच्या किटमध्ये बहुतेक हीच कात्री येते. पण ही कोरड्या बटेवरून घसरवायला गेलात तर दाते केस पकडून ओढतात. नखाचं टोक पात्यावरून अलगद आडवं फिरवलं की खरखर लागते, म्हणजे दाते आहेत.

कॉन्व्हेक्स धार म्हणजे बाहेरची बाजू शिंपल्यासारखी फुगीर, आतली खोलगट आणि काठ वस्तऱ्यासारखा. कोरड्या कामाला हीच घ्या. ही आवाज न करता कापते आणि घसरवताना केस सोडत जाते. नाजूकही हीच असते.

आता या धारेचं मर्म. चांगल्या कात्रीची दोन पाती एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. बंद करून उजेडासमोर आडवी धरा, मधे केसाएवढी फट दिसते. कात्री मिटताना पाती एका वेळी एकाच बिंदूला भेटतात आणि तो बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. काकांनी मला हे समजवायला मिरजेतलंच उदाहरण दिलं होतं. सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढतात, तेव्हा घोडीचा माथा इतका सूक्ष्म उताराचा घासतात की तार त्याला सगळीकडे न टेकता हळूहळू स्पर्श करत जाते. घासणं जरा जास्त झालं की सूर बंद, कमी झालं की सूर कोरडा. ‘कात्रीच्या आतल्या बाजूचं तसंच आहे पोरी, तिथं हात आवरायचा,’ असं ते म्हणायचे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवशी धार आणि सूर या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या जोडल्या गेल्या.

आतल्या बाजूला काठालगत एक बारीक चकचकीत पट्टी दिसते. नवीन चांगल्या कात्रीत ती बुडापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीची असते. कुठे रुंद, कुठे गायब अशी दिसली, तर ती कात्री नवीन असली तरी घेऊ नका.

४. पोलाद: शिक्का वाचा, भुलू नका

पोलाद जितकं कडक, तितकी धार जास्त दिवस राहते, पण पडल्यावर टवका उडण्याची भीतीही वाढते. कडकपणा रॉकवेल या मापात सांगतात. ४२० जातीचं पोलाद मऊ, धार लवकर जाते. ४४०सी मध्ये सुमारे १ टक्का कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, कडकपणा ५८ ते ६० च्या घरात. नवीन माणसानं कोरड्या कामासाठी इथून सुरुवात करावी. त्याच्या वर व्हीजी१० सारखी कोबाल्ट मिसळलेली जपानी पोलादं येतात. धार टिकते, किंमत चढते. ती दुसऱ्या खेपेला घ्या.

इथं तीन सापळे आहेत. नुसतं ‘४४०’ लिहिलेलं असेल, तर ते ४४०ए सुद्धा असू शकतं, त्यात कार्बन कमी असतो. ‘सी’ अक्षर आहे का बघा आणि तेच बिलावर लिहून मागा. दुसरा, ‘जपान स्टेनलेस’ किंवा ‘जे२’ असा शिक्का. जे२ हे ४२० च्या कुळातलं साधं पोलाद आहे, आणि पोलाद जपानी म्हणजे कात्री जपानात घडवली असा अर्थ होत नाही. जपानात अशा कात्र्या घडवणाऱ्यांचं मोठं केंद्र गिफू प्रांतातलं सेकी शहर, जर्मनीत झोलिंगेन. झोलिंगेन हे नाव तर कायद्यानं राखलेलं आहे, त्या भागात बनलेल्या मालावरच ते घालता येतं. आठशे रुपयांच्या कात्रीवर ते नाव दिसलं तर समजून जा. तिसरा सापळा मेरठच्या कात्रीबद्दलचा. मेरठची कात्री नामांकित आहे, २०१३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते नाव प्रामुख्यानं कापड कापणाऱ्या कात्रीचं आहे. शिंप्याकडे ती उत्तम चालते म्हणून तीच केसांना घेऊ नका.

५. लांबी, पात्याचा घाट आणि मूठ

कात्रीची लांबी टोकापासून बोटाच्या कड्याच्या शेवटापर्यंत मोजतात. करंगळी टेकवायची शेपटी त्यात धरत नाहीत. शेपटी धरून मोजली तर साडेपाचची कात्री सहाच्या पुढची वाटते, म्हणून ऑनलाइन घेताना हे विचारून घ्या. बटा कापायला ५.५ इंच, सगळ्या कामाला मिळून एकच घ्यायची तर ६, फणीवरच्या कामाला ६.५ ते ७. हात लहान असेल तर कात्री तळव्यावर ठेवा, अंगठ्याच्या बुडाशी कडं आणि टोक मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर यावं.

पात्याच्या घाटाकडेही लक्ष द्या. तलवारीसारखं, पाठीवर उंच कणा असलेलं पातं मजबूत असतं, दाट आणि जाड केसांना दबत नाही. आपल्याकडच्या केसांना मला हेच योग्य वाटतं. जपानी कारागीर कोरड्या केसांवर घसरवायला बांबूच्या पानासारखं, कडेला बाक असलेलं पातं वापरतात. त्या बाकामुळे केस पात्याच्या बाहेर निसटत जातो आणि काप मऊ येतो. पण त्याच कारणानं सरळ रेघ मारायला ते त्रासाचं. माझी चुकीची खरेदी ती हीच. पात्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही, फक्त माझ्याकडे सरळ कापाचं काम जास्त होतं.

मूठ ऑफसेट घ्या. म्हणजे अंगठ्याचं कडं दुसऱ्या कड्यापेक्षा आखूड आणि पुढे असतं, अंगठा ताणावा लागत नाही. दोन्ही कडी समोरासमोर असलेल्या जुन्या मुठीनं कोरडं काम तासभर केलं की अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. कोरड्या कामात कात्री ओल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडते-मिटते, म्हणून इथं कंजूषी नको.

डावखुऱ्या मुलींनो, तुम्ही डावखुरी कात्रीच घ्या. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा दाब पात्यांना एकमेकांपासून लांब ढकलतो आणि केस दुमडतो. कितीतरी जणींना वाटतं की आपला हातच वाईट आहे. हात चांगला असतो, कात्री उलटी असते.

थिनिंगची, म्हणजे केसांचा दाटपणा कमी करणारी फणीसारख्या दात्यांची कात्री पहिल्या महिन्यात घेऊ नका. पुढे घ्याल तेव्हा ३० दात्यांच्या आसपासची घ्या. कमी आणि रुंद दात्यांची कात्री एका दाबात मोठा झुपका काढते आणि कोरड्या केसांत तो खड्डा लगेच दिसतो.

६. दुकानात जाताना आणि दुकानात

सोबत एवढं न्या:

- स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या केसांच्या दोन-तीन बटा, वीतभर लांब, बुडाशी रबर लावलेल्या. आपल्याच पार्लरमधल्या.
- एकपदरी टिश्यू पेपर आणि पाण्याची छोटी बाटली.
- घड्याळजीकडे असतं तसं भिंग. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून चालेल.
- मऊ सुती फडकं.
- विचारायच्या प्रश्नांची यादी.

सांगलीत दुकानदार काउंटरवर कात्री फटाफट उघडमीट करून दाखवतात. त्यानं काही कळत नाही. रिकामी कात्री जोरात मिटवणं धारेला वाईटच. शांतपणे पुढचं करा.

कात्री एका कड्यात धरून आडवी करा, दुसरं पातं वर उचलून काटकोन करा आणि सोडून द्या. ते आपल्या वजनानं खाली येऊन एक तृतीयांश ते अर्धं उघडं असताना थांबलं पाहिजे. धाडकन मिटलं तर खिळा सैल, तिथंच राहिलं तर घट्ट. खिळ्यावर हातानं फिरवायचा डायल असेल तर दुकानातच जुळवून घ्या. नुसता चपटा स्क्रू असेल तर त्याची चावी सोबत आहे ना ते बघा.

मग टिश्यू ओला करून पात्याच्या टोकानं कापा. काप टोकापर्यंत स्वच्छ यावा. शेवटी लगदा ओढला गेला तर टोक बोथट आहे.

आता बट. दहा-पंधरा केस बोटांत धरा आणि कात्री अगदी सावकाश मिटवा, बुडाशी, मधे, टोकाशी अशी तिन्ही ठिकाणी. या वेळी दुकानातला पंखा बंद करायला सांगा आणि कान द्या. काका म्हणायचे, ‘कात्री डोळ्यानं बघू नको, कानानं बघ.’ चांगल्या कात्रीचा आवाज रेशमी कापड सरकावं तसा, एकसारखा. मधेच ‘कच’ झालं तर तिथं धारेत टवका आहे. करकर येत असेल तर पाती एकमेकांना घासताहेत. शेवटी पाती थोडी उघडी ठेवून, न मिटवता, बटेवरून खाली घसरवा. केस गळत जावेत, बोटांना ओढ लागू नये.

कापलेली टोकं भिंगातून बघा. स्वच्छ काप सपाट दिसतो. चिरडलेला काप एका बाजूला ओघळल्यासारखा, शेपटी निघालेला दिसतो.

दुकानदार बट कापून बघू देत नसेल, तर दुकान बदला. राग धरायचं कारण नाही, पण न चालवता कात्री घेऊही नका. ऑनलाइन घेतलीत तर परतीची मुदत आधी वाचा आणि पार्सल आल्या दिवशीच हे सगळं करा.

७. बिल आणि पैशाची सोय

पक्कं बिल घ्या आणि त्यावर कंपनी, मॉडेल, पोलादाची जात, लांबी लिहून घ्या. वॉरंटी कार्डावर धार कोणाकडून लावली तर वॉरंटी राहते, हे वाचा.

पैशाची अडचण असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करा. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्या १८ व्यवसायांत नाभिक काम आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर (रोख हातात येत नाही), आणि पुढे ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. वय १८ पूर्ण हवं, एका कुटुंबातून एकालाच मिळतं आणि घरात सरकारी नोकरी नसावी. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात होते, पडताळणी गावात ग्रामपंचायत करते आणि शहरात महापालिका किंवा नगरपालिका.

कागद: आधार, आधारला जोडलेला मोबाइल नंबर, बँक पासबुक, रेशन कार्ड. मोबाइल जोडलेला नाही म्हणून निम्म्या बायका केंद्रावरून परत येतात, ते काम आधी उरका.

८. घरी आणल्यावर

कोरडे केस कापताना गिऱ्हाइकाचे केस धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवेत. आपल्याकडे चप्प तेल लावून येणाऱ्या मावश्या असतात, दुचाकीवरून धूळ खात आलेल्या मुली असतात, मेंदीचा चुरा केसांत राहिलेला असतो. तेल खिळ्यात जाऊन बसतं. धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती धार खाते. ‘आधी धुऊया’ म्हणायला लाजू नका, त्याचे वेगळे पैसे लावा.

प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पाती बुडाकडून टोकाकडे पुसा, धारेवरून आडवं फडकं फिरवू नका. दिवस संपला की कात्री उघडून खिळ्याजवळचा केसांचा भुगा काढा, एक थेंब तेल सोडा, चार-पाच वेळा सावकाश उघडमीट करा, पुसा. तेल शिलाई मशीनचं किंवा केस कापायच्या मशीनचं चालतं. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं आणि एरवी भुगा धरून ठेवतं.

निर्जंतुक करायला स्पिरिट लावून पुसणं बरं. ब्लीचच्या पाण्यात कात्री बुडवली की पोलादाला खड्डे पडतात, आणि कुठल्याही औषधात रात्रभर ठेवायची नाही. स्टेनलेसला गंज चढत नाही ही समजूत मी डोळ्यांदेखत मोडलेली पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतल्या हरभट रोडकडे पाणी शिरलं, तेव्हा माझ्या एका मैत्रिणीच्या दुकानातला पूर्ण ट्रे पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर कात्र्या वरून चकचकीतच होत्या. खिळे सोडवले तर आत तांबूस चिखल आणि पोलादात सुईच्या टोकाएवढे खड्डे. दोनच वाचल्या, ज्या तिनं पहिल्या दिवशी सोडवून पुसल्या होत्या.

केसांच्या कात्रीनं केसांशिवाय काही कापायचं नाही. रंगाची पुडी, टॉवेलचा दोरा, प्लास्टिकची पट्टी, काहीच नाही. ट्रेमध्ये एक साधी, स्वस्त कात्री त्यासाठी वेगळी ठेवा आणि मदतनीस मुलीला ती दाखवून द्या. माझ्याकडे दोन्ही कात्र्यांच्या मुठींना वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला आहे.

आणि कधीतरी ती पडेलच. फरशीवर पडली की उचलून लगेच मिटवू नका, हे पक्कं ध्यानात ठेवा. पडताना धारेला बारीक दाता आलेला असतो आणि कात्री मिटली की तो दाता समोरच्या पात्यावर बुडापासून टोकापर्यंत ओरखडा ओढत जातो. एक पातं बिघडलेलं असतं, ती दोन होतात. उघडी असेल तर तशीच उघडी उचला, उजेडात धार बघा. टवका दिसला तर दोन पात्यांच्या मधे मऊ फडकं घालून हळूच मिटवा, गुंडाळा आणि तशीच धारेला पाठवा. समोर गिऱ्हाईक खुर्चीत असेल तर मदतीची कात्री काढा आणि काम पुरं करा.